पाच हार्ड डिस्क, एक पूल आणि क्लाउडवरचं कुलूप: किल्ली कुणाकडे?

या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला: "गाडीवर ऐकत होतो, स्टेप्स लिहून घेता आल्या नाहीत." म्हणून हा एपिसोड लेखी देतोय. भाषा बोलतानाचीच ठेवलीय, फक्त मधलं मधलं "म्हणजे कसं ना" गाळलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. आपल्याच संभाजीनगरातला एक श्रोता लग्नाचं शूटिंग करतो. त्याने सांगायला परवानगी दिलीय, नाव मात्र सांगू नका म्हणालाय. तर तो म्हणतो:

"दादा, माझ्याकडे पाच हार्ड डिस्क होत्या, पाचही वेगवेगळ्या साइजच्या. कुठलं लग्न कुठल्या डिस्कमध्ये, तेच सापडायचं नाही. मग एका इंजिनीअर मित्राने जुन्या पीसीवर लिनक्स टाकून दिलं. पाचही डिस्क जोडून एकच मोठा ड्राइव्ह केला, आणि रोज रात्री सगळं लॉक होऊन क्लाउडवर जाईल असं सेटिंग लावलं. मी बिनधास्त. मग एका कस्टमरचा फोन आला. मुलीच्या लग्नात तिचे आजोबा माइकवर दोन शब्द बोलले होते, तो व्हिडिओ पाहिजे, आजोबा आता राहिले नाहीत. मी बघायला गेलो तर फोल्डरच गायब. एक डिस्क मेली होती. म्हटलं हरकत नाही, क्लाउडवर आहे की. क्लाउडवर बघितलं, तर तिथेही नाही! दादा, असं कसं?"

असं कसं, ते आज समजून घेऊ. त्यासाठी आधी तीन गोष्टी बघाव्या लागतील: डिस्क जोडल्या की नक्की काय होतं, कुलूप कुठे लागतं, आणि अपलोड करणारं सॉफ्टवेअर डोळे मिटून काय काय करतं.

पूल म्हणजे काय?

हा नदीवरचा पूल नाही, कार-पूलमधला पूल. इंग्रजी शब्द आहे, अर्थ 'एकत्र केलेलं'.

आपल्या शहरात हे समजावणं सोपं आहे. पाणी जायकवाडीवरून येतं आणि नळाला काही दिवसांआड येतं. त्यामुळे घरोघरी साठवण: गच्चीवर टाकी, खाली हौद, मोरीत ड्रम. समजा गच्चीवरच्या तीन टाक्या पाइपने जोडल्या, तर खाली नळ एकच. पाणी कुठल्या टाकीतलं, याचा विचार तुम्ही करत नाही. डिस्कचा पूल तसाच. आत पाच डिस्क, पण तुम्हाला दिसतो एकच मोठा ड्राइव्ह.

पण पूल करायच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांत फार मोठा फरक आहे.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक फाइलचे तुकडे होतात आणि ते सगळ्या डिस्कवर वाटले जातात. याला स्ट्राइपिंग म्हणतात. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमधला 'सिंपल' प्रकार असाच. वेग चांगला मिळतो, पण एक डिस्क गेली की प्रत्येक मोठ्या फाइलचा एखादा तुकडा जातो. म्हणजे हातात काहीच उरत नाही.

दुसऱ्या पद्धतीत अख्खी फाइल एकाच डिस्कवर राहते, फक्त दिसताना सगळं एकत्र दिसतं. लिनक्सवरचं मर्जरएफएस हेच करतं. इथे एक डिस्क गेली तर तिच्यावरच्या फाइल्स जातात, बाकी चार डिस्क शाबूत. आपल्या मित्राकडे हीच पद्धत होती. पाचपैकी एक डिस्क गेली आणि नेमकं त्याच डिस्कवर ते लग्न होतं.

याच्या जोडीला स्नॅपरेडसारखं सॉफ्टवेअर वापरता येतं. एक जादा डिस्क 'पॅरिटी'साठी ठेवायची. बाकीच्या डिस्कवरच्या डेटाचा हिशोब त्या डिस्कवर राहतो आणि एक डिस्क मेली तर त्या हिशोबावरून तिच्यातला डेटा पुन्हा उभा करता येतो. अट एकच: पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. आणि हिशोब शेवटचा कधी केला, तिथपर्यंतचंच परत मिळतं.

पूल म्हणजे बॅकअप नाही

हे वाक्य फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पॅरिटी लावली तरी सगळ्या डिस्क एकाच पीसीत, एकाच खोलीत, एकाच प्लगवर असतात. चोरी झाली, खोलीत पाणी शिरलं, लाईट येताना व्होल्टेजचा झटका बसला, तर पाचही एकदम जातात.

मोठ्या मोठ्या यंत्रणांनासुद्धा हे महागात पडलंय. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती सहाव्यापर्यंत गेली. पाच माणसं गेली आणि कागदी फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. ज्या फायलीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी नव्हती, ती संपली.

तुम्ही म्हणाल, तो कागदाचा जमाना होता. मग दक्षिण कोरियाचं बघा. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फाइल्स ज्या 'जी-ड्राइव्ह'वर ठेवायचे, तो जळाला. त्यात ८५८ टेराबाइट डेटा होता. बाहेर बॅकअप नव्हता, आणि कारण काय दिलं? साठा एवढा मोठा की बाहेर प्रत ठेवण्याची सोयच नव्हती.

आपलं पण हेच होतं ना? "एवढा डेटा कुठे अपलोड करत बसू?" जी गोष्ट सगळ्यांत मोठी, तिचाच बॅकअप राहून जातो. त्यामुळे आपल्या मित्राच्या इंजिनीअर दोस्ताने क्लाउडचा विचार केला, तो अगदी बरोबर होता.

कुलूप घरीच लावायचं

आता एन्क्रिप्शन. क्लाउडवाले म्हणतात, आमच्याकडे डेटा एन्क्रिप्टेडच असतो. खरं आहे. पण त्यांच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच असते. तुमचं अकाउंट कुणी हॅक केलं, तर तो तुमच्याच नावाने आत शिरणार आणि त्याच्यासाठी ते कुलूप आपोआप उघडणार.

लोकांची लग्नं, हळदीचे घरगुती व्हिडिओ, त्याच ड्राइव्हवर घरच्यांचे आधार कार्ड, सातबारा, जातीचा दाखला, मार्कशीटचे स्कॅन. हे सगळं उघडं ठेवायचं नसेल तर कुलूप आपल्या घरी, अपलोडच्या आधी लागलं पाहिजे. म्हणजे क्लाउडवर जातं ते फक्त बंद पेटारं.

तुम्ही हे वापरलंही असेल. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये चॅट बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं. ते चालू करताना पासवर्ड किंवा ६४ अंकी की निवडता येते. तो पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲपसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आपल्या पूलचंही अगदी तसंच.

मोठ्या पूलसाठी लोक जास्त करून आरक्लोन नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात 'क्रिप्ट' नावाची सोय आहे. ती प्रत्येक फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत कुलूपबंद करते आणि फाइलचं नावही बदलते. क्लाउडवर बघाल तर नुसती अगम्य अक्षरं. साइज किती वाढते? ४ टेराबाइटमागे साधारण १ जीबी, म्हणजे नगण्य. मात्र एक लक्षात ठेवा: फाइल्स किती, केवढ्या, कुठल्या तारखेच्या आणि फोल्डरात फोल्डर कसे रचलेत, एवढं क्लाउडवाल्याला तरीही दिसतं. आत काय आहे, ते दिसत नाही.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे. कुलूप लावल्यावर फाइलचं नाव लांब होतं. क्लाउडची मर्यादा २५५ अक्षरांची असेल तर मूळ नाव १४३ बाइटच्या आत हवं. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'लग्न' हा छोटासा शब्द १२ बाइटचा होतो. म्हणजे जेमतेम ४७ चिन्हांत नाव बसवायचं. दोन्ही घरांची आडनावं, हॉलचं नाव, तारीख, 'हळदी समारंभ फायनल' असं सगळं एका नावात कोंबलंत, तर ती फाइल अपलोड होताना अडकू शकते. तारीख फोल्डरच्या नावात टाका, फाइलचं नाव छोटं ठेवा.

अपलोडला किती दिवस?

इथे बरेच जण फसतात. नेटचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसचा अपलोड स्पीड म्हणजे सेकंदाला ५ एमबी. या हिशोबाने ४ टेराबाइट चढवायला ८ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस अखंड. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ३७ दिवस. १०० असेल तर पावणेचार दिवसांच्या आत. लक्षात घ्या, स्पीड अपलोडचा बघायचा, डाउनलोडचा नाही. बऱ्याच कनेक्शनवर दोन्ही सारखे नसतात.

मध्ये लाईट गेली तर? घाबरायचं कारण नाही. आरक्लोन पुन्हा चालू केलं की पूर्ण चढलेल्या फाइल्स सोडून देतं. अर्धवट राहिलेली फाइल मात्र बहुधा पहिल्यापासून जाते. म्हणून राउटर आणि पीसी इन्व्हर्टरवर असलेले बरे. गुगल ड्राइव्ह वापरत असाल तर दिवसाला ७५० जीबीच चढतात, हेही धरून चला.

अपलोड करताना अख्ख्या पूलचा रस्ता द्या, एकेका डिस्कचा नको. पूलमध्ये फाइल एका डिस्कवरून दुसरीवर सरकवली तरी पूलच्या रस्त्यावर तिचा पत्ता तोच राहतो. डिस्कनिहाय अपलोड करत असाल तर तीच फाइल नवीन समजून पुन्हा चढवली जाईल.

आता त्या रात्रीचं कोडं

मित्राच्या पीसीत रोज रात्री चालणारी आज्ञा होती 'सिंक'. सिंक म्हणजे आरसा. इकडे जे आहे ते तिकडे असावं, आणि इकडे जे नाही ते तिकडेही नसावं. इकडची फाइल डिलीट झाली, तर सिंक तिकडचीही काढून टाकतं.

एका रात्री ती डिस्क बंद पडली. मर्जरएफएसने बोंब मारली नाही. जिथे डिस्क जोडलेली होती तो फोल्डर शिल्लक होता, फक्त रिकामा. उरलेल्या चार डिस्क छान चालू. पूल दिसत होता, उघडत होता, आतून एका डिस्कएवढा माल मात्र गायब. वाचताना एरर आली असती तर आरक्लोनने डिलीट करणं थांबवलं असतं. पण रिकामा फोल्डर म्हणजे एरर नाही. सिंकच्या दृष्टीने सरळ अर्थ एकच: मालकाने या फाइल्स काढून टाकल्यात. त्याने आज्ञेप्रमाणे क्लाउडवरच्याही काढल्या.

म्हणजे ज्या दिवशी बॅकअपची गरज निर्माण झाली, त्याच रात्री बॅकअपने स्वतःला पुसलं. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं, तेच त्याने केलं.

नशीब असं की त्या क्लाउडवर डिलीट झालेल्या फाइल्स ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि कस्टमरचा फोन एकोणिसाव्या दिवशी आला. ट्रॅश उघडली तर शेकडो फाइल्स, सगळ्यांची नावं अगम्य. त्यातलं आजोबांचं भाषण कुठलं, कसं ओळखणार? त्याने शोधायचा नाद सोडला आणि सगळंच्या सगळं रिस्टोअर केलं. मग पीसीवरून किल्ली लावून बघितलं, तेव्हा फोल्डरची खरी नावं दिसली. व्हिडिओ मिळाला. फोन अजून बारा दिवस उशिरा आला असता तर नसता मिळाला.

मग सेटिंग कसं हवं?

एक. 'सिंक' ऐवजी 'कॉपी'. कॉपी नवीन फाइल चढवते, तिकडची काढत नाही. जागा थोडी जास्त लागते, पण झोप चांगली लागते.

दोन. कॉपीसुद्धा बदललेली फाइल जुनीवर चढवते. इकडे फाइल करप्ट झाली तर तिकडची चांगली प्रत पुसली जाऊ शकते. त्यासाठी 'बॅकअप-डिर' हा पर्याय आहे. जुनी प्रत पुसण्याऐवजी तो ती वेगळ्या फोल्डरात सरकवतो. शूटिंगचं मूळ फुटेज कधी बदलतच नाही, त्याला 'इम्म्युटेबल' लावा: चढलेल्या फाइलला हात लावायचा नाही.

तीन. सिंकच वापरायचं असेल तर 'मॅक्स-डिलीट' लावा. समजा ५० चा आकडा दिला, तर त्याहून जास्त फाइल्स काढायची वेळ आली की काम थांबतं आणि एरर येते.

चार. हजेरी घ्या. प्रत्येक डिस्कच्या आत एक छोटी फाइल ठेवा: 'डिस्क-१-हजर', 'डिस्क-२-हजर', अशा पाच. रात्रीचं काम सुरू होण्याआधी पाचही फाइल्स दिसतात का ते तपासायचं. एक जरी गैरहजर असेल तर अपलोड रद्द आणि फोनवर मेसेज. शाळेतली हजेरीच ही, पण याने अख्खं प्रकरण टळलं असतं.

किल्ली कुणाकडे?

व्हिडिओ मिळाल्यावर मी त्याला विचारलं, "तुझा क्रिप्टचा पासवर्ड काय आहे?" तो गप्प. पासवर्ड मित्राने टाकला होता आणि मित्र आता पुण्यात नोकरीला. पासवर्ड फक्त त्या जुन्या पीसीच्या सेटिंग फाइलमध्ये होता. म्हणजे पाच डिस्कऐवजी सहावी, पीसीची स्वतःची डिस्क गेली असती, तर क्लाउडवर सगळा डेटा सुखरूप असता आणि जगात कुणालाच तो उघडता आला नसता. त्याला नाही, मित्राला नाही, क्लाउड कंपनीलाही नाही.

एन्क्रिप्शनचं खरं गणित हे आहे. ते धोका नाहीसा करत नाही, धोक्याची जागा बदलतं. आधी डिस्क हरवायची भीती होती, आता किल्ली हरवायची.

म्हणून आजच एक कागद घ्या. त्यावर चार गोष्टी लिहा: क्रिप्टचा पासवर्ड, 'सॉल्ट' म्हणून दुसरा पासवर्ड टाकला असेल तर तोही, क्लाउडचं अकाउंट आणि त्यातलं फोल्डर कुठलं, आणि सॉफ्टवेअरचं नाव. एवढ्यावरून कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर सगळं उघडता येतं. या कागदाच्या दोन प्रती करा. एक घरच्या कपाटात, सोन्याच्या पावत्यांजवळ. दुसरी दुसऱ्या घरी: गावाकडे आईजवळ, नाहीतर ताईकडे. कागदाचा फोटो काढून त्याच क्लाउडवर टाकू नका. ते म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवणं.

शेवटची पायरी: परत आणून बघा

महिन्यातून एकदा, पूलला हात न लावता, वेगळ्या लॅपटॉपवर तो कागद समोर ठेवून कुठलीही एक फाइल क्लाउडवरून उतरवा. व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत चालवून बघा. जमलं, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही जमलं, तर बॅकअप आहे असा समज आहे. सगळं नीट चढलंय का हे बघायला आरक्लोनमध्ये 'क्रिप्टचेक' आहे. क्लाउडने हिशोबाचा आकडा दिला तर ते सगळा डेटा खाली न उतरवता पडताळणी करतं.

फक्त फोन आहे, पूल नाही, त्यांच्यासाठी

गुगलने फोटोंची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ ला बंद केली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच मोफत आहेत. त्यामुळे जुना फोन, मेमरी कार्ड, दोन पेन ड्राइव्ह अशी विखुरलेली साठवण प्रत्येकाकडे झालीय. तुमचा पूल तोच. महत्त्वाची कागदपत्रं आणि न मिळणारे व्हिडिओ आधी एका जागी आणा. क्रिप्टोमेटर हे ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. ते क्लाउडमध्ये कुलूपबंद तिजोरी तयार करतं, किल्ली तुमच्याकडेच राहते. नियम तेच: पासवर्ड कागदावर, कागद दोन घरांत, महिन्याला एकदा उघडून बघणे.

आपल्या मित्राने आता कॉपी लावलीय, पाच डिस्कची हजेरी लावलीय, मेलेल्या डिस्कच्या जागी नवीन टाकलीय. किल्लीचा कागद त्याच्या आईच्या कपाटात आहे. आणि आजोबांचं ते भाषण त्याने कस्टमरला पेन ड्राइव्हवर नेऊन दिलं, पैसे घेतले नाहीत.

तुमचा कागद कुठल्या कपाटात आहे, ते मला सांगू नका. पण घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!